किक आणि बटण

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत पुण्यात ‘कोणती स्कूटर घ्यावी’ असा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे. ‘कधी मिळेल’ एवढाच प्रश्न असे. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वाट पाहायची. मुलगी तिसरीत असताना लावलेला नंबर ती दहावीला बसली तेव्हा लागला, अशी उदाहरणं गल्लोगल्ली होती. नंबर लागून मिळालेली गाडी दुसऱ्या दिवशी विकली तरी घेतली त्यापेक्षा जास्त पैसे येत, आणि लग्नाच्या बोलण्यांत तिचा उल्लेख दबक्या आवाजात का होईना, होई. लँब्रेटा होती, विजय सुपर होती, साताऱ्यात बनणारी प्रिया होती. पण नोकरदाराच्या डोळ्यांसमोर जी स्कूटर उभी राही ती चेतक.

मग कायनेटिक होंडा आली आणि पहिल्यांदाच निवड करायची वेळ आली. गंमत म्हणजे दोन्ही गाड्यांची घराणी पुण्यातलीच. बजाज आकुर्डीचे, फिरोदिया चिंचवडचे. मध्ये अंतर सायकलवरून जाण्याइतकं. पुढची दहा-बारा वर्षं पुण्यातल्या कितीतरी घरांत जेवताना हा वाद रंगला. तो बहुधा तीन मुद्द्यांवर मिटवला जाई: किंमत, ॲव्हरेज आणि विकताना किती येतील. मी दोन्ही गाड्या चालवल्या आहेत आणि हा वाद अशा रीतीनं मिटतो हे मला कधीच पटलेलं नाही. या दोन्ही रचना आहेत, एकाच विषयावर रचलेल्या. विषय असा की एका माणसाला, जमल्यास आणखी एकाला, सकाळी घरून कामावर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. आणि हे रोज. सिंहगडावर सहलीला जाताना कुठलीही गाडी छान वाटते. मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, पावसात, दांडेकर पुलाच्या सिग्नलला ती कशी वाटते, हे पाहायला हवं.

चेतकपासून सुरुवात करू, कारण तिचं कूळ मोठं आहे. १९४६ साली इटलीत पिआज्जो कंपनीनं व्हेस्पा काढली. ती आखणारे कोरादीनो दास्कानिओ हे विमानविद्येचे अभियंते, हेलिकॉप्टरवर काम केलेले. मोटरसायकल त्यांना आवडत नसे: साखळीच्या तेलानं कपडे डागाळतात, चाक पंक्चर झालं तर काढताना जीव जातो, आणि बसायचं तर टांग टाकावी लागते. त्यांनी या तिन्ही तक्रारींना थेट उत्तर दिलं. इंजिन मागच्या चाकाच्या अंगालाच लावलं, म्हणजे साखळीची गरजच उरली नाही. पुढचं चाक दोन्हीकडून धरण्याऐवजी विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूच्या दांड्यावर बसवलं, म्हणजे ते नट सोडून मोटारीच्या चाकासारखं निघतं. आणि मध्ये पेट्रोलची टाकी न ठेवता जागा मोकळी सोडली, म्हणजे खुर्चीवर बसावं तसं बसता येतं. आत सांगाडा आणि वर पत्रा असंही नाही. घडवलेला पत्रा हाच सांगाडा.

बजाज ऑटोनं साठच्या दशकात पिआज्जोच्या परवान्यावर हीच स्कूटर बनवली. १९७१ मध्ये परवान्याची मुदत संपली, तो वाढवून मिळाला नाही, आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक रस्त्यावर आली. १४५ सी.सी.चं टू-स्ट्रोक इंजिन, चार गिअर, दहा इंची चाकं, मागे स्टेपनी. सुधारणा होत गेल्या, रंग बदलले, दिवे बदलले, पण मूळ मांडणी तीस वर्षं हलली नाही. ही स्तुती आहे आणि तक्रारही.

चेतकमधली सगळ्यात सुंदर जागा म्हणजे तिची डावी मूठ. गिअर पायात नाहीत, त्या मुठीत आहेत, आणि क्लचची दांडी मुठीबरोबर फिरते. पहिल्याला दांडी वर उचललेली, मग न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा, आणि चौथ्याला ती पार खाली कललेली. म्हणजे गाडी कितव्या गिअरमध्ये आहे हे पाहायला नको आणि लक्षातही ठेवायला नको. मनगटाचा कोनच ते सांगत असतो. चौथ्यात मनगट जरा अवघडतं. शहरात चौथा फार वेळ टिकत नाही, त्यामुळे ते खपून जातं. तिसऱ्यात मात्र हात अगदी नैसर्गिक बसतो, आणि चेतक खरी तिसऱ्याचीच गाडी आहे. कर्वे रस्त्यावर सकाळी सातला, वाहतूक नसताना, तिसऱ्यात एका लयीत जाणारी चेतक ज्यानं चालवली आहे त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. इंजिन खालून ढकलत असतं, आवाज भरदार पण चढलेला नाही, आणि हाताला गाडीचा शब्दन् शब्द ऐकू येत असतो.

याच मुठीची दुसरी बाजू संध्याकाळी सहाला लक्ष्मी रस्त्यावर दिसते. क्लच दाबा, पहिला, सोडा, चार फूट पुढे, दाबा, न्यूट्रल. पुन्हा दाबा, पहिला. विजय टॉकीजपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत येईतो डावा अंगठा आणि मनगट यांची जी काही अवस्था होते, ती चेतकवाल्यांच्या पिढीनं निमूटपणे सोसली, कारण दुसरा काही प्रकार असू शकतो हे ठाऊक नव्हतं. त्यात क्लचवायर कोरडी पडलेली असेल तर विचारूच नका.

मग किक. चेतकला किक मारणं हे कौशल्य नव्हतं, तो संबंध होता. प्रत्येक गाडीची किक निराळी. एकीला चोक ओढून दोन हलक्या आणि मग एक जोराची. दुसरीला चोक अजिबात चालत नसे. सकाळी ती सुरू झाली नाही तर एका अंगाला कलती करायची. का करायची, याची कारणं शहरात जितके मेकॅनिक तितकी होती; कुणी कार्बोरेटरचं नाव घेई, कुणी पेट्रोलचं, कुणी नुसतंच ‘करा साहेब’ म्हणे. पण गाडी कलती करणारा माणूस ही त्या काळच्या प्रत्येक सोसायटीतली ओळखीची आकृती होती. तरीही सुरू झाली नाही तर प्लग. डिक्कीत प्लगपान्हा, एक जास्तीचा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा नसेल असा चेतकवाला मी पाहिलेला नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागे. ते जरा जास्त झालं की प्लगवर काजळी धरायची, गाडी धूर ओकायची. कमी झालं तर त्याहून वाईट: आत पिस्टन धरायचा. कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर रेस पूर्ण सोडून गाडी घसरत सोडली की इंजिनाला पेट्रोल कमी आणि त्यासोबत तेलही कमी. म्हणून जाणते लोक उतारावरही मधूनमधून रेस द्यायचे. डबलसीट बसलेल्याला वाटायचं, हा उतारावर का घाई करतोय?

हे सगळं दोष म्हणून सांगावं की गुण म्हणून, यावरच खरा मतभेद आहे. चेतक तुम्हाला यंत्राविषयी बरंच काही शिकवते, कारण न शिकून तुम्हाला गत्यंतर नसतं. तिचा हेडलाइट घ्या. तो बॅटरीवर चालत नाही, इंजिन फिरेल तसा उजळतो. सिग्नलला गाडी मंद चालली की दिवाही मंद. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा दिसावा म्हणून क्लच दाबून रेस द्यायची ही युक्ती आपोआप अंगवळणी पडे. गाडीची तंगी चालवणारा आपल्या हातानं भरून काढी. यात एक मजा आहे हे मी नाकारत नाही. पण समोरून पी.एम.टी.ची बस येत असताना ही मजा किती घ्यावी?

वजनाचंही तेच. इंजिन उजवीकडे, त्यामुळे गाडीचा भार उजवीकडे. सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर अचानक मागचा ब्रेक दाबला की जाणवतं. मागचा ब्रेक उजव्या पायात, पुढचा उजव्या हातात, क्लच आणि गिअर डाव्या हातात. नवख्याला एकाच वेळी हे सगळं आवरायचं, आणि त्यात चढावर थांबून निघायचं असेल तर परीक्षाच. स्कूटर शिकवणारे वडील नेमके एखाद्या चढावर नेऊन मुलाला ‘आता थांबव, आता काढ’ म्हणायचे. मुलींना तिथे नेलेलं मी फार कमी पाहिलं. यावर पुढे येतोच.

आणि तरीही मोठेपण द्यायचं तर द्यायलाच हवं. चेतकच्या पायाशी गॅसचा सिलिंडर उभा राहायचा. पुढे हँडल धरून एक मूल, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं, आणि गाडी पर्वतीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहायची. कायद्यात हे बसत नव्हतं, पण गाडीत बसायचं. १९८९ साली दूरदर्शनवर जी प्रसिद्ध जाहिरात आली, ‘हमारा बजाज’ म्हणणारी, तिचं यश त्या सुरावटीत जितकं होतं तितकंच या वस्तुस्थितीत होतं. लोकांना त्यात स्वतःचं घर दिसलं.

आता दुसरी रचना.

फिरोदियांना छोट्या गाडीचं मर्म आधीपासून कळलेलं होतं. १९७२ मध्ये, म्हणजे चेतकच्याच वर्षी, त्यांची लूना आली होती. ५० सी.सी.ची ती पायडलवाली गाडी बँकेतल्या कारकुनापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांनी चालवली. पण लूनेवर दोघं बसून चढ चढायचा म्हणजे एकानं उतरायचं. १९८४ साली होंडाशी करार झाला आणि मध्य प्रदेशात पिथमपूरच्या कारखान्यात कायनेटिक होंडा तयार होऊ लागली. ९८ सी.सी., तीही टू-स्ट्रोकच. चेतकच्या जवळजवळ दोनतृतीयांश इंजिन. कागदावर पाहणाऱ्यानं तिला दुय्यम ठरवलं तर नवल नाही. आकुर्डीच्या बाजूचे लोक तर तिला बायकांची गाडी म्हणत. वर्णन म्हणून ते अर्धंच खरं होतं, आणि टीका म्हणून निव्वळ चूक.

तिची पहिली जागा अर्थातच बटण. किल्ली फिरवा, बटण दाबा, इंजिन सुरू. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण रोज सकाळी किक मारून घामाघूम होऊन, शर्टाची इस्त्री मोडून ऑफिसला निघणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून ती पाच मिनिटं एकदम नाहीशी झाली. किक होतीच, बॅटरी उतरली तर उपयोगी पडावी म्हणून. ती बहुतेकांनी महिनोन्‌महिने वापरलीच नाही. टू-टी ऑइलसाठी वेगळी टाकी. तेल किती घालायचं हा हिशेब गाडीतला पंप करी. पेट्रोलपंपावर ‘ऑइल किती टाकू?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी गेली.

पण तिचं खरं कसब दिसत नाही. ते डाव्या बाजूच्या झाकणाखाली आहे, आणि झाकण उघडून पाहिल्याशिवाय तिची तारीफ पूर्ण होणार नाही. आत दोन कप्प्या आणि एक रबरी पट्टा. प्रत्येक कप्पी दोन उतरत्या तबकड्यांची, मध्ये खाच. पुढच्या कप्पीमागे काही छोटे जड रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की हे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि तबकडी आत ढकलतात. खाच अरुंद होते, पट्टा वर चढतो. पट्ट्याची लांबी तीच, म्हणून मागच्या कप्पीत तो स्प्रिंगच्या जोराविरुद्ध खाली उतरतो. वेग वाढतो तसा हा पट्टा वर-खाली सरकत राहतो, आणि पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे सगळे गिअर, त्यांच्या मधल्या असंख्य जागांसकट, एकही झटका न देता होऊन जातात. क्लचही आपला आपणच: इंजिन मंद असताना तो सुटलेला असतो, रेस दिली की त्याचे पॅड बाहेर फेकले जाऊन पकड घेतात. ही कल्पना होंडाची नव्हे. हॉलंडमध्ये डाफ कंपनीनं १९५८ मध्ये छोट्या मोटारीत ‘व्हेरिओमॅटिक’ नावानं ती आणली होती. होंडानं ती स्कूटरच्या झाकणाखाली मावेल इतकी आटोपशीर केली, आणि फिरोदियांनी ती आपल्या रस्त्यांवर आणली.

हे ऐकायलाही वेगळं लागतं, आणि चेतकचा कान असलेल्या माणसाला ते आधी खटकतं. चेतकमध्ये आवाज आणि वेग बरोबर चढतात, गिअर बदलला की आवाज उतरतो, पुन्हा चढतो. कायनेटिकमध्ये रेस दिली की आवाज आधी एका पट्टीवर जाऊन थांबतो आणि गाडी मागून वेग घेत राहते. सुरुवातीच्या क्षणी अगदी अर्धा श्वास अडकल्यासारखं होतं: आवाज आला, गाडी अजून निघायची आहे. मग ती निघते, आणि निघाली की सिग्नलवर शेजारी थांबलेला चेतकवाला पहिल्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत ती चौक ओलांडून गेलेली असते. छोट्या इंजिनाची ही कमाई आहे. आपल्या ताकदीचा सगळ्यात चांगला भाग कोणता हे पट्ट्याला माहीत असतं, आणि तो चालवणाऱ्याला विचारत नाही.

आता ब्रेक पाहा. दोन्ही हातांत, उजवीकडे पुढचा, डावीकडे मागचा. पायांना काही काम नाही. मला वाटतं, या गाडीचं पुण्याशी इतकं जमलं त्याचं मोठं कारण इथे आहे. पुणं सायकलींचं शहर होतं. इथल्या मुलींनी हुजूरपागेत, गरवारेत, एस.पी.त सायकलवरून जाऊन शिक्षण घेतलं होतं. तोल त्यांच्या अंगात होता, रस्ते पाठ होते, आणि दोन हातांत दोन ब्रेक ही मांडणी तर लहानपणापासूनची. चेतक शिकायची म्हणजे हे सगळं बाजूला ठेवून क्लच, गिअर आणि पायाचा ब्रेक नव्यानं शिकायचा, वर साडीत किक मारायची. कायनेटिकनं जुनं काहीच विसरायला लावलं नाही. सायकल येते ना, मग बसा आणि उजवी मूठ पिरगाळा. लूनेनं हा दरवाजा किलकिला केला होता. कायनेटिकनं तो उघडला, आणि मागे नवरा किंवा सासू डबलसीट बसवून झेड पुलाचा चढ चढण्याइतकी ताकद बाईच्या हातात दिली. गाडी घरात आली ती ‘हिच्यासाठी’ म्हणून, आणि महिन्याभरात चेतक अंगणात ठेवून घरातले पुरुषही कायनेटिकवर ऑफिसला जाऊ लागले, हे मी किती घरांत पाहिलं! तेव्हा बायकांची गाडी हे विशेषण कुठे गेलं कुणास ठाऊक.

दोष आहेतच. पेट्रोल ती जास्त प्यायची, ही तक्रार तिला जन्मभर चिकटली आणि ती खोटी नव्हती. पट्टा ताकद पोचवतो तेव्हा थोडी वाया जाते, आणि सिग्नलच्या शहरात ते खिशाला लागतं. कात्रजच्या घाटात दोघं बसून चढताना १४५ आणि ९८ यांतला फरक कुणी समजावून सांगायला लागत नाही. आणि तिच्या बिघडण्याची रीत मला कधीच आवडली नाही.

यावर थोडं थांबायला हवं, कारण रोजच्या गाडीची अर्धी परीक्षा ती बिघडते कशी यात असते. चेतक सांगून बिघडते. क्लचवायर एकदम तुटत नाही, तिची एकेक तार तुटते. दांडी जड होते, गिअर कुरकुरतात, तुम्हाला आठवडाभर सूचना मिळत असते. एखाद्या गिअरची वायर गेलीच तर दुसऱ्यात अडकलेली गाडी रखडत का होईना घरी येते. पंक्चर झालं तर स्टेपनी पाठीवर आहेच, पंधरा मिनिटांचं काम, हात काळे होतात एवढंच. आणि अगदी काही झालं तर वडाच्या झाडाखाली एक पेटी, एक हातोडी आणि चार पाने घेऊन बसलेला मेकॅनिक तिचं इंजिन बाहेर काढून पुन्हा बसवू शकतो. तिच्यातलं काहीच त्याच्यापासून लपलेलं नसतं. कायनेटिकचा पट्टा मात्र गेला की गेला. एक आवाज होतो, इंजिन जोरात फिरत राहतं, आणि गाडी जागच्या जागी. झाडाखालच्या मेकॅनिककडे ना तो पट्टा, ना कप्पी ओढून काढायचा पुलर. मग ढकलत न्या. निगडीहून येताना फुगेवाडीपाशी असं झालेल्या एका सहकाऱ्यानं दुसऱ्या दिवशी ऑफिसात कायनेटिकविषयी जी भाषा वापरली ती इथे छापण्यासारखी नाही. मात्र आठवडाभरानं नवा पट्टा टाकून तो पुन्हा तिच्यावरच आला. मी विचारलं, चेतक का घेत नाहीस? म्हणाला, वर्षातून एकदा ढकलणं परवडतं, रोज किक मारणं नाही.

त्याच्या या उत्तरात सगळा निवाडा आहे असं मला वाटतं. चेतकवर प्रेम करणारे (मीही त्यांतला एक) तिच्या ज्या गोष्टी सांगतात त्या सगळ्या चालवणाऱ्याच्या अंगच्या गुणांच्या आहेत: किकची हातोटी, गिअरची लय, उतारावरची रेस, प्लग साफ करण्याची तत्परता. चेतक रसिक मागते. ती नीट चालवली की आनंद देते, आणि तो आनंद खरा आहे. पण कामावर जाणाऱ्या माणसाचं लक्ष गाडीकडे नसावं, रस्त्याकडे असावं. पोचल्यावर डोक्यात कालचं राहिलेलं काम असावं, प्लगची काजळी नव्हे. त्या कसोटीवर कायनेटिक होंडा श्रेष्ठ रचना आहे. तिनं कारागिरी झाकणाखाली ठेवली आणि चालवणाऱ्याकडून कसलीच विद्वत्ता मागितली नाही. चेतक चालवता येणं ही अभिमानाची गोष्ट होती. कायनेटिक चालवता येणं ही गोष्टच नव्हती. म्हणून ती घरातल्या सगळ्यांना चालवता आली.

एक अपवाद मी मान्य करतो. ज्याचा रोजचा रस्ता लांब आणि मोकळा होता, आकुर्डीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पहाटे जाणारा, किंवा ज्याला गाडीवरून माणसांपेक्षा सामानच जास्त न्यायचं होतं, त्यानं चेतक घेतली ते योग्यच केलं. आणि ज्याच्या गावात कायनेटिकचं सर्व्हिस स्टेशन नव्हतं, त्याला तर पर्यायच नव्हता. सांगली-सोलापूरच्या आतल्या भागात चेतक इतकी वर्षं टिकली ती यामुळे.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९९८ मध्ये होंडा कायनेटिकमधून बाहेर पडली, स्वतःची कंपनी काढून २००१ मध्ये ॲक्टिवा घेऊन आली, आणि किक-गिअरच्या स्कूटरचं शहरातलं राज्य संपलं. ॲक्टिवा फोर-स्ट्रोक होती, ॲव्हरेज चांगलं होतं, पत्रा मजबूत होता. पण तिची मूळ मांडणी, म्हणजे बटण, पट्टा आणि दोन हातांत दोन ब्रेक, आपल्याकडे कायनेटिकनं आधीच रुजवलेली होती. चेतकचं उत्पादन २००५ च्या सुमारास थांबलं. २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघड बोलून दाखवलं. वाईट वाटण्यासारखंच होतं.

आता दोन्ही नावं परत आली आहेत, विजेवर. चेतक २०२० च्या जानेवारीत पुणे आणि बंगळुरूमध्ये विक्रीला आली. कायनेटिकनं आपल्या जुन्या स्कूटरचं डीएक्स हे नाव २०२५ मध्ये पुन्हा काढलं. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या घरात हा वाद आज पुन्हा जेवणाच्या ताटावर येऊ शकतो. आला तर माझं म्हणणं एवढंच: नावाला भुलू नका. विजेची चेतक घरी आणा, तिचा पत्रा जुन्या अभिमानानं पुसा, पण ती चालवताना एकदा हातांकडे बघा. तिला गिअर नाही, क्लच नाही, किक नाही, पायाचा ब्रेक नाही. दोन्ही ब्रेक हातात आहेत, कायनेटिक होंडाचे होते तसे.